तूप लावलेली चपाती

बहीण माझ्यापेक्षा धाकटी, पण दहावीत मी तिच्या खांद्यालाही लागत नव्हते. राजेश्वर गावात आमच्या घरी सगळ्यांना ज्वारीची भाकरी असायची. मी किडकिडीत म्हणून अव्वा, माझी आई, माझ्यापुरती कणीक मळून तूप लावलेली चपाती वाढायची. तरी माझं पोट फुगायचं, जुलाब व्हायचे. पाहुणे बहिणीलाच थोरली समजत. तिचे आखूड झालेले ड्रेस माझ्या अंगावर यायचे, आणि तिचे भरलेले दंड, जाड वेणी बघून माझा जीव जळायचा.

कॉलेजात चक्कर येऊन पडले, तेव्हा अप्पांनी बीदरला नेलं. रक्त तपासलं, तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. डॉक्टरीणबाईंनी अव्वाला समजेल असं सांगितलं. पोटातलं अन्न लहान आतड्यात उतरतं. तिथं पित्त आणि पाचक रस मिसळून ते इतकं बारीक होतं की रक्तात जाऊ शकतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तीच हे सत्त्व शोषून घेते. माझी लव सपाट झाली होती. गव्हातलं एक प्रथिन माझ्या शरीराला सोसत नव्हतं.

"गहू कायमचा बंद. भाकरी खाऊ द्या, लव पुन्हा वाढते," बाई म्हणाल्या.

घरी येताच अव्वानं माझ्या कणकेचा डबा रिकामा केला.

भाकरीवर माझं अंग भरत गेलं. उंची मात्र खुंटली ती खुंटलीच.

पुढं बहिणीची सोयरीक जमली, त्या दिवशी हुग्गी, गव्हाची गूळ घातलेली खीर, केली होती. सगळे जेवून उठल्यावर आम्ही दोघीच पानावर होतो. ती दुसऱ्यांदा हुग्गी वाढून घेत होती, वर तुपाची धार. मी भाकरी मोडत बघत राहिले.

"कामून बघायलीस अशी, अक्का?"

"तुला सगळं अंगी लागतंय," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. "ल्हानपणी तुझी चपाती बघून मला रडू यायचं. एकदा मागितली, तर अव्वा न्हाई म्हनली. तूच तिची लाडकी वाटायचीस."

मला हे कधीच ठाऊक नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि हुग्गीचा पुढचा घास घेतला, चवीनं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी ते ताट तिच्यापुढून ओढून घ्यावंसंही.