विहिरीचा चौथा रकाना

भूत, चकवा असलं मी कधीच मानलं नाही. शेवगावला डिप्लोमाच्या मुलांना सी प्रोग्रामिंग शिकवते... कोडमधल्या चुका दाखवणारा कंपायलर सांगेल तेच खरं, एवढीच माझी श्रद्धा. हे लिहितानाही लाज वाटतेय.

आमची वस्ती शेवगावपासून आठ किलोमीटरवर. घराला आणि विहिरीला एकच शेतीची लाईट, तिचा नेम नाही; म्हणून मागच्या उन्हाळ्यात वडिलांच्या, आप्पांच्या, विहिरीच्या मोटरला मी बॅटरीवरचा छोटा कंट्रोलर बसवला. सीमध्ये आपल्याला हवा तसा डेटा टाईप, म्हणजे माहितीचा साचा, स्वतः बनवता येतो. मी 'विहीर' नावाचा बनवला — रकाने तीनच : लाईट, पाणी, मोटर. लाईट आली की साठ सेकंदांनी मोटर आपोआप सुरू. दर मिनिटाला तिन्ही आकडे घरातल्या लॅपटॉपवर. फार मिरवलं मी त्यावर.

एका रविवारी दुपारी पेपर तपासत होते. आई सहज म्हणाली, "आप्पा विहिरीत उतरल्यात. केबलचा जॉइंट उघडा पडलाय म्हन्ले."

तेवढ्यात लाईट आली, डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

आमच्याकडे विहिरीत उतरणारा स्टार्टरच्या पेटीवर टॉवेल अडकवतो. तो दिसला की कुणी पेटीला हात लावत नाही. पण आता मोटर सुरू करायला हात लागतच नव्हता... आणि ते मीच केलं होतं.

अनवाणी पळाले. मनात आकडे — चाळीस... पन्नास... बांधावर पोचेपर्यंत साठ कधीच उलटले होते. पेटीवरचे तिन्ही फेजचे दिवे लागलेले, म्हणजे लाईट पूर्ण होती. मोटर गप्प. फ्यूज उपसले, पण विहिरीत वाकून बघायचं धाडस होईना.

"आप्पा..."

"काय गं? अशी का पळत आलीस?" खालून आवाज आला. "टावेल लावलाय की पेटीला."

मी तिथेच बसून रडले.

घरी येऊन लॅपटॉप पाहिला. आप्पा उतरल्यापासून वर येईपर्यंतच्या प्रत्येक ओळीत चार आकडे होते. चौथा — एक. त्याआधी तीन, त्यानंतर तीन. कोडमध्ये चौथा रकाना नाहीच, शंभरदा पाहिलं. पुढे विहिरीत कुणी नसताना दहा वेळा टेस्ट केली. दहाही वेळा साठ सेकंदांनी मोटर सुरू झाली.

कॉलेजातले सर म्हणाले, "गार्बेज व्हॅल्यू असेल, मेमरीत उरलेला एखादा भलताच आकडा." असेल. पण तिने मोटर कशी थांबवली?

विहिरीचा टाईप बनवताना तिच्यात माणूसही उतरतो, हे मला सुचलंच नव्हतं. त्या दुपारी ते कुणाला सुचलं, मला अजून माहीत नाही.