कापसाच्या रानातलं लॉन

टेंभुर्णीच्या शिवारातला शेतकरी हरळीशी भांडत म्हातारा होतो. खणा, वाळवा, जाळा, ती पुन्हा येतेच. आणि झुंबरबाईच्या नवऱ्यानं, बद्रीनाथनं, तीच हरळी विहिरीजवळच्या काळ्या रानात आपल्या हातानं लावली.

बद्रीनाथ एक्क्याऐंशी साली फौजेत गेला. पुढं कलकत्त्याला बदली झाली आणि साहेबलोकांच्या क्लबाचं मैदान राखायचं काम मिळालं. तिथं लॉन बॉल्स नावाचा खेळ चाले. एका अंगाला जड असलेला गोळा गवतावरून घरंगळत सोडायचा आणि लांबच्या पांढऱ्या गोळीजवळ नेऊन थांबवायचा. एकदा गडी कमी पडला म्हणून यालाही खेळायला घेतलं. याचा हात बसला. एका वर्षी तर स्पर्धेत पहिला आला. पेन्शनीवर गावी परतला तो कप छातीशी धरूनच. बायकोसाठी एक लुगडं मात्र आणलं नाही.

झुंबरबाईनं तोवर एकटीनं शेत कसलं होतं, सासूचं दुखणं काढलं होतं.

"हे काय करून राह्यले तुम्ही?" हरळी रोवणाऱ्या नवऱ्याला तिनं विचारलं.

"लॉन. चॅम्पियन माणसाला प्रॅक्टिस लागते."

"आन् कापसाला पाणी?"

"तुला न्हाई कळायचं."

तिला सगळं कळत होतं. कापूस माना टाकायचा आणि मोटरीचं पाणी लॉनवर जायचं. उन्हाळ्यात विहीर आटली आणि लॉनखालची काळी जमीन भेगाळली. गोळा भेगेत अडकायचा आणि हा पालथा पडून हात घालून तो काढायचा. वाटेनं जाणारा महेमूद ओरडायचा, "चॅम्पियन, सापडला का गोळा?" बद्रीनाथ हसून हात हलवायचा. टिंगल अन् कौतुक यातला फरकही या माणसाला कळू नये!

एका पुढाऱ्यानं गावात त्याचा सत्कार केला. "क्रिकेटमध्ये यांनी आपल्या तालुक्याचं नाव काढलं," असं भाषणात ठोकून दिलं. टाळ्या वाजल्या. बद्रीनाथनं शाल घेतली, नारळ घेतला आणि मान डोलावली. ज्या खेळापायी रान घालवलं, त्याचं नाव सांगायचीही याला हिंमत झाली नाही. बायकांत बसलेल्या झुंबरबाईनं तोंड फिरवलं.

पुढच्या पावसाळ्यात हरळी बांध ओलांडून शेजारच्या रामकिसनच्या तुरीत घुसली. तो तणतणत दारात आला.

"वहिनी, कुठंय तुमचा चॅम्पियन?"

बद्रीनाथ आतल्या खोलीत शिरला होता. "जाफराबादला गेलो म्हण," आतून कुजबुजला. रामकिसननं ते बराबर ऐकलं. थुंकला आणि निघून गेला.

पीक निघाल्यावर झुंबरबाईनं ट्रॅक्टर आणून लॉनच्या जागेत खोल नांगरट केली.

"एवढं एक राहू द्यायचं व्हतं," बद्रीनाथ बांधावरून म्हणाला.

"एवढी माया व्हती, तर रामकिसन आल्ता तवा कामून लपले?"

तो बांध उतरून घराकडं निघाला. भांडलाही नाही. भांडला असता तर तिला थोडं बरं वाटलं असतं. उन्हाळाभर तिनं हरळीच्या मुळ्या वेचल्या, आपल्या रानातल्या अन् रामकिसनच्याही. बद्रीनाथ जाफराबादच्या एसटी स्टँडवर बसू लागला.

एका बाजाराच्या दिवशी तीही तिथं जीपची वाट पाहत होती. कुणा परक्या माणसाला तो सांगत होता, "माझ्या शेतात लॉन व्हतं. बायकोच सांभाळायची."

जीप लागली. ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, त्या काकांना घ्यायचं का?"

"कोन काका?" झुंबरबाई पिशवी मांडीवर घेत म्हणाली. "चल, जल्दी काढ."