शीतमामांचं पाकीट

तुमच्या नावाचं पाकीट तुमच्याआधी दुसऱ्या कुणी वाचलं असेल, तर ते तुम्हाला कळेल का?

शीतमामांना कळायचं. पत्र हातात आलं की ते आधी पाकिटाची मागची घडी नखानं खरवडत, मग नाकाशी नेत. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावी डिंक कुठला? मामी भाताचं शीत चिरडून पाकीट चिकटवायची. वाळलं की ते पांढरं, खरबरीत दिसे. त्यावरूनच आम्ही त्यांना शीतमामा म्हणायचो आणि चिडवायचो, "मामा, पत्र हाय का शिदोरी?" मामा म्हणत, "हासा लेकहो. माया घराचं कुलूप हाय ते."

भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याच्या भट्टीचा सांगाडा उभा राहत होता. आम्ही ठेकेदाराकडे लोखंड वर चढवायच्या कामावर. झोपड्यांना पत्ता नव्हता, म्हणून आमची सगळी डाक ठेकेदाराच्या ऑफिसात यायची.

त्या उन्हाळ्यात आमच्यातला एक जण वरून पडून मेला. कमरेला दोर नव्हता. मामांनी ते घरी कळवलं. पंधरा दिवसांनी मुकादमानं त्यांना सकाळच्या हजेरीलाच अडवलं. "दोराशिवाय चढायचं नाही ना तुले? मंग चढूच नको." मामांचं काम गेलं. ते चक्रावले, दोराबद्दल ते इथे कुणाशी अवाक्षरही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामीचं पत्र मिळालं. पाकिटाला गुळगुळीत, पिवळा डिंक. आत गावच्या शाळामास्तरांच्या अक्षरात मामीचा निरोप: दोर दिल्याशिवाय वर चढू नका, बाकीच्यांनाही सांगा.

मी मामांबरोबर ऑफिसात गेलो. "माया बायकोचं पत्र कावून फोडलं जी?" मामांनी हळूच विचारलं. बाबूनं मानही वर केली नाही. पत्ता ठेकेदाराचा, म्हणून डाक ठेकेदाराची, म्हणाला. मग आम्ही पोस्टात गेलो. पोस्टमास्तर म्हणाले, वाटेत आम्ही फोडलं असतं तर गुन्हा. पत्त्यावर पोचल्यावरचं आम्हाला विचारू नका.

म्हणजे टपालवाल्यानं फोडलं तर गुन्हा आणि मालकानं फोडलं तर कारभार? मला ते आजही पटत नाही. पाकिटावर नाव मामांचं होतं. ठेकेदाराचं त्यात पत्त्यापुरतं दार तेवढं होतं.

गावी जाण्याआधी मामांनी ते पत्र टोळीला मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी कुणीच चढलं नाही. तिसऱ्या दिवशी दोर आले. मामांना मात्र कुणी परत बोलावलं नाही.

तुमच्या ऑफिसात दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडताना कुणी दिसलं, तर मान वळवू नका. ज्याचं ते आहे, त्याला आजच जाऊन सांगा.