अकरा नंबरचा काटा

आमच्या ह्यांना पालीची भीती वाटते, विजेची वाटते, दातांच्या डॉक्टरची वाटते आणि मोठ्याने बोलणाऱ्या कुणाचीही वाटते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तशी ह्यांना नोकरीही नेमकी धरणाच्या पोटात लागली. भिंतीच्या आत एक अरुंद बोगदा आहे, दोनशे चौदा पायऱ्या खाली. तिथे अकरा मीटर बसवलेत. भिंतीच्या पायाखालचं पाणी किती जोराने वर रेटतंय, ते त्यांचे काटे दाखवतात. दर मंगळवारी खाली जायचं, अकरा आकडे वहीत लिहायचे आणि वही साहेबांच्या टेबलावर ठेवायची. तीस वर्षं हेच काम. साहेब स्वतः कधी खाली उतरले नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात.

गेल्या वर्षी धरणात आणखी दोन मीटर पाणी साठवायचं ठरलं. भिंतीला ते पेलेल का, हे सांगायला एक इंजिनिअर बाई आल्या. वयाने आमच्या लेकीहून लहान, पण डोकं तल्लख. महिनाभर त्यांनी ह्यांच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या. काम संपलं त्या दिवशी संध्याकाळी चहाला आल्या, भलत्याच खुशीत होत्या.

"काकू, कुठलं मीटर पुढे काय दाखवणार, ते माझा कॉम्प्युटर आधीच सांगतो. मग मी वहीतल्या आकड्याशी ताडून बघते. दहा मीटरांचे अंदाज दोनतीन अंकांनी चुकतात, तेवढं चालतं. पण काकांचा अकरा नंबर म्हणजे सोनं. गेल्या तीन वर्षांत एकदाही चुकला नाही. भिंतीचा सगळ्यात नाजूक भाग तोच, आणि तोच एवढा भरवशाचा. सोमवारपासून पाणी वाढवायला हरकत नाही, असं लिहून देतेय मी."

ह्यांनी कप खाली ठेवला. चहा निम्माच प्यायले होते. बाई गेल्यावर फोन उचलून लेकीला म्हणाले, "चार दिवस आमच्याकडे येऊन राहा. सोमवारच्या आत ये."

लेकीचं घर धरणाच्या खाली, नदीकाठच्या गावात. तळमजला. सातवा महिना चालू होता तिला. ती हसली. "बाबा, आता कशाला घाबरलात?"

फोन ठेवल्यावर मी समोर उभी राहिले. तेहतीस वर्षांच्या संसारात ह्यांना एवढं पांढरंफटक कधी पाहिलं नव्हतं. मग हळूहळू बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी हे अकरा नंबरपाशी असताना बोगद्यातले दिवे गेले होते. पाऊण तास मिट्ट काळोख, आणि भिंतीतून ठिबकणारं पाणी. तेव्हापासून हे दहा नंबरपर्यंत जात आणि तिथूनच मागे फिरत.

"मग अकराचा आकडा?"

"मनानेच. तलावात पाणी किती ते बघायचं, दहा नंबर बघायचा, त्यावरून बसवायचा. कधी अर्धा जास्त, कधी अर्धा कमी. खरा वाटावा म्हणून." मग अगदी हळू म्हणाले, "कॉम्प्युटरही तसाच बसवतो गं. म्हणून जुळतंय."

मला राग आला, असा की दातओठ खाल्ले मी. "लेकीला वर बोलावलंत. तिच्या शेजारणीला कोण बोलावणार? त्या शेजारणीच्या सासूला? सगळ्या गावाला आपल्या दोन खोल्यांत झोपवणार आहात?"

रात्रभर हे पंख्याकडे बघत पडले होते. मीही.

सकाळी म्हणाले, "आधी खरा आकडा बघतो. कदाचित बरोबरच असेल." बूट घालायला बसले, पण नाडी काही बांधून होईना. मी वाकून बांधली आणि माझ्या चपला घातल्या.

"बाहेरच्या माणसाला आत जायला बंदी आहे," हे म्हणाले.

"मी बाहेरची?"

पायऱ्या उतरताना मी मोजत होते, पण शंभराच्या पुढे विसरले. खाली हवा गार आणि जड. भिंतीला हात लावला तर ती घामेजलेली. ह्या भिंतीच्या पलीकडे अख्खा तलाव उभा आहे, हा विचार मनात आला आणि जाईच ना. घरात बसून मी ह्यांना किती हसले होते. तीन वर्षं हे पुढे का गेले नाहीत, ते मला त्या बोगद्यात कळलं. रागावलेली होते तरी कळलं.

दहा नंबरपर्यंत हे झपझप चालले. तिथे पाय थांबले. पुढचे दोन दिवे गेलेले होते.

"मी बघून येते," मी म्हटलं.

"तुला वाचता येणार नाही. काचेवर टिचकी मारावी लागते, मग काटा ठरतो." असं म्हणून त्यांनी बॅटरी लावली. मी मागून त्यांचा सदरा घट्ट धरला होता. कोण कुणाला पुढे नेत होतं, देव जाणे.

अकरा नंबरच्या काचेवर चुन्याचा थर बसला होता. ह्यांनी रुमालाने पुसला. टिचकी मारली. थांबले. पुन्हा मारली. मागच्या मंगळवारी वहीत एकेचाळीस लिहिलं होतं. काटा सदुसष्टावर होता.

"लिहा," मी म्हटलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण लिहिलं.

तसेच धापा टाकत ऑफिसात गेलो. साहेब बाईंच्या कागदावर सही करत होते. मोठ्याने बोलणाऱ्या साहेबांसमोर ह्यांची नेहमी बोबडी वळते. तेव्हाही वळली. तिसऱ्यांदा नीट बोलता आलं, "अकरा नंबर मी तीन वर्षं वाचलेलाच नाही. आज वाचला."

साहेब ओरडले. बाई ओरडल्या नाहीत. त्यांच्या तोंडचा रंग उडाला होता. त्यांनी तीन वर्षांचे आकडे पुसले, सदुसष्ट घातला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालवला. बराच वेळ आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत होतो.

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही म्हणतो," बाई म्हणाल्या. "दरवाजे उघडा, साहेब. पाणी वाढवायचं नाही, उतरवायचंय."

पाणी उतरवलं. भिंतीच्या पायाखालचं पाणी बाहेर सोडणारी भोकं चुन्याने बुजली होती, ती दोन महिने खपून मोकळी केली. काटा त्रेचाळीसवर आला तेव्हा नात वीस दिवसांची होती.

ह्यांना कामावरून काढलं. चौकशीच्या कागदावर 'निष्काळजीपणा' असं लिहिलं होतं. हे सही करेनात. म्हणाले, "काळजी करूनच बसवत होतो हो आकडे. भीती लिहा." चौकशीवाल्यांनी तेवढं काही बदललं नाही. शेवटी हे सही करून आले.

नव्या माणसाला काम समजावून द्यायला मात्र ह्यांनाच बोलावलं. पन्नाशीचा, चांगला दणकट माणूस. पहिल्याच दिवशी खालून वर आला तो घामाने निथळत होता. व्हरांड्यात बसून पाणी प्यायला आणि ओशाळून हसला. ह्यांनी वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली आणि अकराव्या चौकटीवर बोट टेकवलं.

"पाय पुढे गेला नाही तर ही मोकळी सोडायची. काही लिहायचं नाही. मोकळी दिसली की वरचे घाबरतील आणि कुणीतरी खाली पळत येईल. मी एकटाच घाबरत बसलो होतो."