पडल्या पडल्या डोंगर दिसतो

डोंगराखालच्या आमच्या बालनकोइल गावात उतरायला जागा हवी असेल तर पाट्या वाचत हिंडू नका, सरळ इशबेल मॅकबीनला विचारा, असं स्टेशनमास्तरसुद्धा सांगायचा. बाई फाटकाशी आलेल्या माणसाला पायांपासून वर बघत यायची. ओले बूट, खांद्यावर दोर, पाठीवर हे एवढं ओझं, मग, "तुम्ही जेसी शॉकडे जा. तिच्याकडे वाळवणाची शेगडी आहे आणि चिखलाला ती नाक मुरडत नाही." गुडघ्यावर हात टेकत चालणारं कुणी असेल तर, "खाली पाणचक्कीच्या घरात जा, तिथं पायरीच नाही." नवं लग्न झालेलं जोडपं असलं की चर्चच्या पलीकडचं घर. "तिथल्या बाईला कमी ऐकू येतं." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. तीस वर्षांत तिनं पाठवलेला माणूस चुकीच्या दारात गेला, असं कुणी म्हणून दाखवावं.

तिचं स्वतःचं घर म्हणजे टोरबेग. दगडी, दुमजली, फाटकाला लाकडी पाटी: एका बाजूला 'खोली आहे', उलटी केली की 'खोली नाही'. आणि घराच्या मागे, कोळशाच्या खोलीला लागून, दोन खणांचं पत्र्याचं घर. मे महिना सरला की आपली चार भांडी, घड्याळ आणि अंथरुणं उचलायची आणि घरच्यांनी मागं राहायला जायचं. पुढचं घर पाहुण्यांचं. सप्टेंबरात शेवटचा पाहुणा गेला की पुन्हा पुढं. गावात घरोघर हीच रीत होती, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उन्हाळ्यात घरच्यांनी पुढच्या दाराला हात लावायचा नाही, हेही पोरं चालायला लागायच्या आधी शिकत.

टोरबेगमध्ये सगळ्यांत भारी ती वरची मोठी खोली. तिची खिडकी उंचावर होती. बसलं की डोंगर दिसे, आडवं झालं की नुसतं आभाळ. एका पाहुण्यानं कुरकुर केली म्हणून इशबेलच्या नवऱ्यानं, फार्करनं, पलंगाच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. तो रुळांच्या डागडुजीवर होता. रुळांखालच्या जुन्या स्लीपरचं लाकूड, चांगलं करवतून, घासून, हव्या त्या मापाचं. तेव्हापासून इशबेल प्रत्येकाला सांगे, "पडल्या पडल्या डोंगर दिसतो." लोक त्या एका वाक्यावर दरवर्षी परत येत. शेफील्डचं हॅलम जोडपं तर अकरा वर्षं येत होतं, जुलैचे तेच पंधरा दिवस, तीच खोली.

सत्त्याहत्तरच्या जुलैत फार्करची छाती भरली. डॉक्टर मागच्या घरात वाकून शिरला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "बाई, याला वरच्या कोरड्या खोलीत हलव. उजेड हवा, हवा हवी." वर हॅलम होते. फार्करच म्हणाला, "कुठं त्यांना उठवतेस? नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे. मग जाऊ की वर." तिलाही ते पटलं. शब्द दिला की दिला, पाहुण्याला दिलेली खोली काढून घ्यायची नाही, यावर तर तिचं नाव उभं होतं. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. मागच्या घराला एकच खिडकी, आणि तिच्यातून दिसते कोळशाच्या खोलीची भिंत.

इशबेलनं त्याचे डोळे मिटले, हात धुतले, पुढच्या स्वयंपाकघरात जाऊन सहा माणसांची ओटची लापशी केली. अंडी, बेकन, टोस्ट, चहा. ताटं उचलली. मग जेसी शॉला फोन केला.

मुलगी कर्स्टी ग्लासगोत नर्स होती. ती आली, मागच्या घरात जाऊन त्या खिडकीशी उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "बाबा भिंतीकडं बघत गेले." बस्स, एवढंच. मातीनंतर दुसऱ्या दिवशी ती परत गेली. पत्रं येत राहिली, हवापाण्याची.

इशबेल रडली नाही. गाव म्हणालं, खंबीर बाई आहे. डोंबलाची खंबीर! तिला काही वाटतच नव्हतं. सप्टेंबरात ती पुढं राहायला आली, त्याचे कपडे धुऊन, इस्त्री करून मिशनला दिले. बर्फ पडला, वितळला. चहात दूध घातलं की नाही ते प्यायल्यावरसुद्धा कळत नसे. जानेवारीत नेहमीसारखं हॅलमबाईंचं पत्र आलं: थोडं दुःख, थोडी विचारपूस, आणि शेवटी, 'तुम्हाला जड जाणार नसेल तर आमचा पंधरवडा ठेवाल का?' इशबेलनं दरवर्षीच्या शाईनं दरवर्षीचं उत्तर लिहिलं: 'खोली तुमचीच.' पाकीट चिकटवताना तारखा तिच्या डोळ्यांखालून गेल्या, पण मनात शिरल्या नाहीत.

जूनमध्ये कर्स्टीचं पत्र आलं. वर्ष होत आलं होतं, थडग्याच्या दगडावर बाबांचं नाव कोरायचं होतं, त्यासाठी ती चौदा जुलैला येणार होती. 'मी मागच्या घरात राहणार नाही,' तिनं लिहिलं होतं. 'तू सगळ्या जगाला सांगतेस कुठं उतरायचं. मलाही सांग.'

इशबेलनं ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. वहीत पाहिलं, मोठी खोली हॅलमांची, बाकीच्या तीनही भरलेल्या. मग ती बसली आणि लिहिलं: 'जेसी शॉकडे वरची खोली रिकामी आहे. जिना उभा आहे. नाश्ता चांगला असतो.' आणि त्याच दुपारी टपालात टाकलं.

जेसी शॉ शेजारीण, सत्तरीची, तोंडाची फटकळ. कर्स्टीनं खोलीसाठी तिला फोन केला तेव्हा ती तशीच पीठभरल्या हातांनी रस्ता ओलांडून आली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोटची पोर माझ्याकडं उतरणार?"

"तिनं विचारलं, मी सांगितलं."

"अगं, ती खोली विचारत होती का तुला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साऱ्या मुलुखाला जागा दाखवतेस आणि..."

"तुझी खोली चांगली आहे, जेसी. फक्त जिना उभा आहे."

जेसीनं तिच्याकडं बघितलं, हातांचं पीठ झटकलं. "उभा आहे," ती म्हणाली, "पण चढतील तिचे पाय." आणि गेली.

चौदा तारखेला दुपारच्या गाडीनं कर्स्टी उतरली. इशबेल फाटकाशी उभी होती. मुलगी रस्त्याच्या त्या बाजूनं बॅग घेऊन चालत आली, थांबली, म्हणाली, "बरी आहेस?" इशबेल म्हणाली, "बरी आहे. प्रवास ठीक झाला?" पाहुण्यांना विचारते अगदी तस्सं. कर्स्टीनं मान हलवली आणि जेसीच्या दारात शिरली. इशबेलनं पाटी उलटी आहे ना ते पाहिलं. 'खोली नाही.' बरोबर होतं. ती आत जाऊन चहाबरोबर द्यायचे स्कोन भाजायला लागली.

तासाभरानं हॅलमांची मोटार आली. हॅलमसाहेब बॅगा घेऊन थेट वर गेले, त्यांना वाट माहीत. हॅलमबाई खाली बैठकीत बसल्या. इशबेलनं चहाचा ट्रे आणला. बाईंनी हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले.

"मिसेस मॅकबीन, वर्षभर मनात आहे, बोलल्याशिवाय चैन पडणार नाही. ते मागं एवढे आजारी होते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं हो. तुम्ही म्हणालात, सर्दी आहे. अहो, एका शब्दानं बोलला असतात तर त्याच मिनिटाला आम्ही खोली सोडली असती. हॅरॉल्ड अजून म्हणतो. कुठंही गेलो असतो आम्ही."

"साखर एक की दोन?" इशबेल म्हणाली.

हॅलमबाईंनी हातमोजे बाजूला ठेवले. मग हळू म्हणाल्या, "मी साखर घेत नाही, मिसेस मॅकबीन. अकरा वर्षं झाली."

इशबेलच्या हातात साखरेचा चमचा होता. तिनं तो बघितला. एका शब्दानं. एवढंच लागत होतं तर. कुणी भांडलं नसतं, कुणी नाव ठेवलं नसतं. ही चांगली बाई गुडघे सांभाळत जिना उतरून गेली असती, आणि फार्कर वर गेला असता. छातीत काही तुटलंबिटलं नाही तिच्या. पण थंडीनं बधिर झालेलं बोट शेगडीशी नेलं की आधी जे खुपायला लागतं, तसं कुठंतरी खुपायला लागलं.

तिनं चमचा खाली ठेवला.

"तुम्हाला मोठी खोली देता येणार नाही," ती म्हणाली.

"अं?"

"दिलेली खोली मी कधी परत मागितलेली नाही. आज मागते. माझी मुलगी आलीय." तिची नजर आपोआप बाईंच्या गुडघ्यांवर गेली. "पाणचक्कीच्या घरात जा. पुढच्या अंगाची खोली मागा. तिथं पायरी नाही. खरं तर तुम्हाला तिथंच पाठवायला हवं होतं, तीनचार वर्षं झाली."

हॅलमबाई उठल्या, जिन्याशी गेल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "हॅरॉल्ड! बॅगा खाली आण!" का म्हणून त्यांनी विचारलं नाही. जाताना इशबेलचा हात मात्र घट्ट दाबला.

इशबेलनं पाणचक्कीला फोन केला, वर जाऊन चादर बदलली, आणि अंगातला एप्रन न काढता रस्ता ओलांडला. जेसीच्या स्वयंपाकघरात कर्स्टी टेबलाशी बसली होती. जेसी कणीक मळत होती.

"मोठी खोली रिकामी आहे," इशबेल म्हणाली.

"हॅलम आलेत ना? मोटार दिसली मला."

"गेले."

"गेले म्हणजे?"

"मी घालवले."

"अरे देवा!" जेसीचे हात कणकेत थांबले. "इशबेलनं पाहुणे घालवले! आता नदी उलटी वाहणार."

कर्स्टी हसली नाही. "आता काय उपयोग, आई? वर्ष उशीर झाला."

"झाला," इशबेल म्हणाली. "उशीर झाला. तरी चल."

कर्स्टीनं कप बाजूला सारला. मग तिनं बॅग उचलली. जेसी मळलेली कणीक पुन्हा मळायला लागली, यावरून काय ते समजा.

टोरबेगशी आल्यावर कर्स्टी सवयीनं मागच्या वाटेला वळली. इशबेल म्हणाली, "अगं, इकडून." दोघी पुढच्या दारानं आत गेल्या, जुलै महिन्यात, पायपुसण्यावर पाय पुसून.

वर खोलीत ऊन पसरलं होतं. कर्स्टी खिडकीपाशी गेली, मग पलंगाखाली वाकून ठोकळे बघितले. "बाबांचे." तिनं एकावर हात ठेवला. "खरंच दिसतो का गं, पडल्या पडल्या?"

"दिसतो. सगळ्यांना सांगते मी."

"तू बघितलायस?"

"मी कशाला बघते? मी चादरी घालते."

"आई. पड बघू."

इशबेल आधी कडेला बसली. मग आडवी झाली, एप्रनसकट, पाय बाहेर लोंबकळत ठेवून, म्हणजे बूट चादरीला लागायला नकोत. तिनं खिडकीकडं मान वळवली. डोंगर समोर होता. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सबंध, वर बोटभर आभाळ, खाली रुळांची रेघ. ना जास्त ना कमी. इतकं नेमकं माप नुसतं अंदाजानं कसं बसलं, हे तिच्या मनात आलं. आणि मग तिला आठवलं.

"अंदाजानं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्यानं पडून बघितलं होतं. एक ठोकळा घातला, पडला. काढला, तासला, पुन्हा पडला. शेवटी म्हणाला, 'इशबेल, आता दिसतोय गं. ये, तू पण बघ.' मी धुतलेल्या चादरी घेऊन दारात उभी होते." तिचा आवाज तसाच होता, सपाट, नाश्त्याची वेळ सांगावी तसा, पण डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. "मी म्हटलं, ऊठ. पलंग पाहुण्यांचा आहे, चुरगळेल. मी उठवला त्याला, कर्स्टी. लगेच उठला तो."

कर्स्टी पलंगाच्या दुसऱ्या बाजूनं आली आणि आईशेजारी आडवी झाली, रस्त्याच्या धुळीच्या बुटांसकट, पाय लांब करून. चादरीवर मातीचे दोन डाग उमटले. इशबेलनं ते बघितले, आणि मग आपलेही पाय वर घेतले.