मामीचं पाणी

मामानं नळी तोंडात धरून पाणी ओढलं, थुकलं अन् टोक बालटीत सोडलं. नळीचं दुसरं टोक तो काचेच्या टाकीत खालच्या खडीवरून फिरवत होता. मासे कोपऱ्यात सरकले.

"थोडंसंच घेऊन राहिलो वं," तो पाण्याले म्हणाला.

धनीराम मामाची पवनीत पिठाची चक्की हाय. मी नववीत शाळा सोडली, तवापासून तिथंच बसते. माशाची टाकी रुखमिणी मामीची. बिमारीत तिची खाट टाकीजवळच राहे. तिथूनच तिनं मामाले शिकवलं. पाणी सारं काढायचं नाही, पाव भागच. साबण बिलकुल नाही. फिल्टरचा स्पंज काढलेल्याच पाण्यात पिळायचा. नळाच्या पाण्यात दवाई राहते, म्हणून ते एक दिवस उघडं ठेवून मगच हळूहळू टाकायचं. अन् पिठाचे हात आधी कोपरापर्यंत धुऊन या, म्हणे.

मामी गेली. आमच्यात घरात मानूस मेला की भरलेलं पाणी ठेवत नाहीत. मानसं तिले घेऊन वैनगंगेवर गेली अन् मागं बायांनी हंडे, माठ, सारं रिकामं केलं. घाटावरून आल्यावर मामानं पहिलं हेच विचारलं, "टाकीचं पाणी?"

"त्यात जीव हायेत, धनी," मंगला मावशी म्हणाली. ती त्याची मोठी बहीण. "नाही फेकलं."

त्याच हप्त्यात काळा मासा मेला. मामा म्हणे, तिच्या मागं गेला. तवापासून तो दर रविवारी पाव भागच काढते. उरते ते तिचं पाणी, म्हणे. सफाईसाठी फिल्टरची मोटर बंद केली की घर एकदम चूप होते. मग मामा काचेले कान लावते.

"आयकू आलं का? श्वास घेऊन राहिली."

मले बी एकदोनदा आयकू आलं. खोटं कायले सांगू.

एक दिवस चक्कीवरचं गिऱ्हाईक तेजराम गव्हाचा डबा ठेवता ठेवता म्हणाला, "काय धनीराम, एवढ्या दिवसात तर माशांचा रस्सा झाला असता."

मी तेजरामचं पीठ जाडंभरडं दळलं.

"काहून वं, असं?"

"तुमच्या रश्श्यासंग खा."

मग उन्हाळ्यात टाकी कोपऱ्यातून झिरपू लागली. नवी टाकी आणली. मामा वाटीवाटीनं जुनं पाणी नव्या टाकीत नेऊन राहिला होता. फरशीवर सांडलेलं पाणी बी तो फडक्यानं टिपून बालटीत पिळू लागला. मी हात धरला.

"फडक्याले साबण असन, मामा. मासे मरतील."

तो फडकं घेऊन तसाच बसला. मंगला मावशी दारात उभी होती.

"जाऊ दे तिले, धनी."

"कुठं जाऊ देऊ, बाई? इथंच तर हाय ती."

मावशी काहीतरी बोलणार होती. पदर तोंडाले लावून बाहेर निघून गेली. फरशीवरचं पाणी आपोआप सुकलं. मामानं त्या दिवशी जेवण केलं नाही.

यंदा धानाच्या रोवण्यात, चिखलात वाकल्या वाकल्या, मावशीनं मले सांगतलं. मामी गेली त्या दिवशी मावशीनंच सगळ्यात पहिले टाकीच रिकामी केली होती. मासे गंजात, मोठ्या पातेल्यात, ठेवले, अन् मानसं नदीवरून यायच्या आत शेजारच्या बोरचं पाणी भरून ठेवलं.