कुणाचाच माणूस नसलेला मिलिंद

फोन आला तेव्हा मी बाजारात भरताची वांगी निवडत होतो. "भाऊजी, हे गेले," सुनंदावहिनी म्हणाल्या. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला गेलेला मिलिंद तिथल्याच बाकावर टेकला आणि उठलाच नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मी फोन खिशात ठेवला, आणखी वांगी निवडली, भावात घासाघीसही केली... मग रिक्षा केली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. इतका जवळचा मित्र, कसं वाटतंय, असं लोक विचारतात. काही वाटत नाही, हेच खरं उत्तर आहे.

धुळ्याला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. त्याचे वडील एसटीत वाहक, घरातला हा पहिला पदवीधर. मी पुढे जळगावला प्राध्यापक झालो, तो परीक्षा देऊन कर खात्यात अधिकारी. नोकरीच्या निम्म्या वाटेवर धुळ्याला असताना एक प्रकरण घडलं. शिरपूरकडचे एक कापसाचे जिनिंगवाले होते, सगळे त्यांना आबा म्हणत. आबा निवडणुकीला विरोधी बाजूनं उभे राहणार असं ठरलं आणि मिलिंदला वरून फोन आला, त्यांच्यावर छापा घाला. यानं विचारलं, "तक्रार काय आहे? माहिती कुठली?" पलीकडून उत्तर आलं, "माहिती छाप्यात मिळेलच की." मिलिंदनं छाप्याच्या कागदावर सही केली नाही. आबा निवडणूक लढले, आणि मिलिंदची बदली झाली पार विदर्भाच्या टोकाला. मुलींच्या शाळेसाठी वहिनी जळगावच्या घरीच राहिल्या. मुलींचं आजारपण, शाळेतल्या पालकसभा मी बघायचो. फोनवर त्यानं कधी कुरकुर केली नाही, फक्त धाकटी फोनवर आली की तिला शाळेतली कविता पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा.

काही वर्षांनी तो जळगावला परत आला. तोवर आबांनी पक्ष बदलला होता, सत्ताही त्यांच्याच बाजूला होती. एका रविवारी ते मिलिंदच्या घरी आले, मी तिथंच होतो. फैजपूरचा एक केळीचा व्यापारी तेव्हा त्यांच्या विरोधात सभा घेत हिंडत होता. चहा झाल्यावर आबांनी मिलिंदच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊ, तुना उपकार मी इसरनू नही. तू मना माणूस शे. आते त्याना घर बी एकदा चक्कर मार."

मिलिंदनं त्यांचा हात हळूच बाजूला केला. "आबा, मी तवय बी तुमना माणूस नव्हतू," तो म्हणाला.

आबा हसले. मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या यादीत मिलिंदची पुन्हा बदली आली. ज्याला वाचवलं त्यानंच ती करवली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या जागी आलेल्या माणसानं फैजपूरला छापा घातला. दारात कॅमेरे, ओट्यावर अख्खं गाव. काही निघालं नाही. छाप्याची बातमी मात्र पहिल्या पानावर होती, आणि काही न निघाल्याची कुठंच नव्हती. व्यापाऱ्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं.

निवृत्त झाल्यावर मिलिंद मला घेऊन त्या व्यापाऱ्याकडे गेला. माणूस आमच्याहून लहान, पण पार वाकलेला. यानं ओळख सांगितली तसा तो दचकून उभाच राहिला. मग जरा सावरून म्हणाला, "साहेब, आमची चौकशी संपली का हो? कुणी सांगतच नाही." परतताना गाडीत मिलिंद काचेबाहेर केळीच्या बागा बघत बोलत राहिला. "छापा कशासाठी, कुणाच्या माहितीवरून, हे आधी खात्याबाहेरच्या कुणासमोर तरी मांडावं लागलं पाहिजे. चौकशीला मुदत पाहिजे. काही निघालं नाही तर तेही जाहीर सांगितलं पाहिजे. आणि बदलीची दोरी पुढाऱ्याच्या हातात नको." मी म्हटलं, तुझ्यासारखे चार अधिकारी असले तरी पुरे. तो चिडला. "मी खुर्चीत होतो म्हणून आबा वाचले, मी नव्हतो म्हणून हा गेला. याला कायदा म्हणतोस? हे नशीब झालं." पुढे हेच तो व्यापाऱ्यांच्या बैठकांत, वकिलांपुढे, जिथं बोलावतील तिथं सांगत फिरला. लोक टाळ्या वाजवायचे. नियम होते तिथंच आहेत.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आबा आले होते. बुद्धवंदना झाली, मग त्यांनी माईक मागून घेतला. "असा प्रामाणिक अधिकारी पुन्हा होणे नाही," म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तो खोटा नव्हता. फैजपूरचा व्यापारी मागच्या रांगेत बसला होता. तो मधेच उठला, फोटोला हात जोडून निघून गेला. मला राग यायला हवा होता... मी पुढ्यातल्या खुर्चीची सुटलेली वीण बघत बसलो.

परवा वहिनींकडे गेलो. दुपारची वेळ, बाहेर झळा, आणि बैठकीचं दार सताड उघडं. मी ते लावायला उठलो.

"राहू द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "यांची सवय. कामाचं बोलायला कुणीही आलं तरी दार उघडंच ठेवायचे. दार लावून बोलायचं असेल त्यानं येऊ नये, म्हणायचे. मी किती भांडले, घरात धूळ येते म्हणून. आता कामाचं कोण येणार... पण कडीकडे हातच जात नाही."

मी परत बसलो. पंखा गरम हवाच फिरवत होता. येणारे-जाणारे आत डोकावून पुढे जात होते. वहिनींनी चहा आणला. आम्ही तो दाराकडे तोंड करून प्यालो.